पुडी, जमाव आणि वर बसलेला माणूस

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आजचा विषय पत्रिकेवर सभ्य भाषेत छापला आहे. रस्त्यावर तो वेगळ्या भाषेत ऐकू येतो : ‘पोलीस काही करत नाहीत, आता ड्रग्ज विकणाऱ्याला आपणच धरून तुडवला पाहिजे.’ कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही असं या सभागृहात कोणी असेल असं वाटत नाही. आणि हे बोलणारा माणूस गुंड नसतो. ज्याच्या घरात एमडी या अमली पदार्थाची पुडी शिरली, ज्याचं पोरगं रात्र रात्र जागतं, दात खातं, आईची पोत विकून येतं आणि वर घरच्यांवरच संशय घेतं, तो बाप हे बोलतो. ‘कायदा हातात घेऊ नका’ एवढं त्याला ऐकवून मोकळं होण्यात अर्थ नाही. त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो : मग कायदा कोणाच्या हातात आहे ते तरी सांगा.

हा प्रश्न खोटा नाही. आपण बदला घेण्याचा अधिकार राज्याला दिला, त्या बदल्यात राज्याने आपलं रक्षण करायचं असा करार आहे. कुंपणच शेत खायला लागलं, हप्ता बांधला गेला, तक्रार केल्याची बातमी तासाभरात तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याला कळली, तर करार पहिल्यांदा मोडला तो राज्याने. म्हणून जमावाच्या रागाला मी अनैतिक म्हणत नाही. पण राग खरा असला म्हणून त्याचा फटका योग्य माणसाला बसतो असं नाही. अमली पदार्थांच्या धंद्यात तर तो जवळजवळ कधीच बसत नाही. का, ते तपशिलात शिरल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आज तत्त्वज्ञान थोडं आणि तपशील जास्त.

आधी नागरिकाला कायद्याने काय दिलंय ते बघू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो. मात्र विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण पोलिसांकडे जायला वेळ होता अशा ठिकाणी तो हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायला तो परवानगी देत नाही. म्हणजे धरता येतं. मारता येत नाही. आणि झडती तर अजिबात घेता येत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली झडतीचा अधिकार फक्त अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे.

आता एका पुडीचा प्रवास जवळून बघू.

समजा, संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यात एक पोरगा सापडला. त्याच्या पाऊचमध्ये साठ ग्रॅम एमडी आहे, छोट्या झिपलॉक पिशव्यांमध्ये भरलेलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं. त्याचं अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा. व्यापारी प्रमाण असेल तर शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, आणि दंड किमान १ लाख. शिवाय कलम ३७ लागू होतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात. माल भेसळीचा असला तरी आरोपीला फायदा नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिसळलेल्या पदार्थासकट एकूण वजन धरायचं.

आता जमाव येतो. पाऊच ओढलं जातं, चार पिशव्या फुटतात, दोन गटारात जातात, एखादी कोणाच्या तरी खिशातही जाते. पोलीस येतात तेव्हा वजन भरतं चव्वेचाळीस ग्रॅम. झालं. किमान दहा वर्षांची शिक्षा गेली, कलम ३७ ची अट गेली, आणि तो पोरगा साध्या जामिनावर बाहेर यायची वाट मोकळी झाली. ही वाट त्याला कोणत्याही महागड्या वकिलाने काढून दिलेली नाही.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कलम ५४ प्रमाणे माल ताब्यात सापडला की गुन्हा केला असं गृहीत धरता येतं, पण त्याआधी ताबा सिद्ध व्हावा लागतो. पाऊच पोलिसांच्या हातात दिलं ते तुम्ही. आरोपीच्या कमरेला ते होतं हे पाहणारा स्वतंत्र पंच नाही, पाहिलं ते मारणाऱ्यांनीच. बचाव पक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘माल तुमच्याकडे किती वेळ होता?’ आणि कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तेवढा वेळ ताबा तुमचा होता. माल ‘पुरावा म्हणून’ रात्रभर घरी ठेवणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याने हे नीट ऐकावं. पन्नास ग्रॅमच्या वर माल घरात ठेवून सकाळी फोटो काढत बसणं हा विलक्षण धोकादायक मूर्खपणा आहे.

योग्य रीतीने झालं असतं तर काय झालं असतं? खबर मिळाल्यावर अधिकारी ती लिहून काढतो आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाला पाठवतो, हे कलम ४२. अंगझडती घ्यायची तर आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हा तुझा हक्क आहे, हे कलम ५०. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे काटेकोरपणे पाळलंच पाहिजे असं ठरवलं. दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली म्हणूनही खटले पडले आहेत. मग जप्ती, वजन, लाखेचं सील, पंचांच्या सह्या, मालखान्याच्या रजिस्टरला नोंद, ४८ तासांत वरिष्ठाला कलम ५७ चा अहवाल. नंतर कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यासमोर मालाची यादी, फोटो आणि नमुने. एमडीसारख्या पदार्थाचे पाच-पाच ग्रॅमचे दोन, गांजा-चरस-अफू असेल तर चोवीस-चोवीस ग्रॅमचे. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथून आपल्याकडे ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येतो. २०१६ च्या मोहनलाल निकालानंतर दंडाधिकाऱ्यासमोर नमुने न घेतल्याचा मुद्दा बचाव पक्ष जवळपास प्रत्येक खटल्यात काढतो, आणि अनेकदा जिंकतो.

‘टेक्निकॅलिटीवर सुटला’ असं आपण चिडून म्हणतो. मला ही चीड कळते, पण ती चुकीच्या दिशेला आहे. कलम ५० आणि ५२अ आहेत ती कोणाच्याही खिशात पुडी कोंबून त्याला दहा वर्षं आत टाकता येऊ नये म्हणून. तुमच्या मुलाच्या खिशातही. कलमं पाळणं अवघड नाही, छापील नमुने आहेत, आता चित्रीकरणही सक्तीचं आहे. ती पाळली जात नाहीत तेव्हा निष्काळजीपणा तरी असतो नाहीतर सौदा तरी. मोठा मासा सुटतो तो बऱ्याचदा पंचनाम्यातल्या मुद्दाम ठेवलेल्या एका भोकातून. जमाव पंचनाम्याच्या आधीच सगळं जाळं फाडतो, म्हणजे भोक ठेवायचीही गरज उरत नाही.

राहिला मोबाइल. खरं तर सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच. पोरगा माल कोणाकडून घेतो, पैसे कोणाला पाठवतो, हे त्या फोनमध्ये असतं. जमाव तो आपटतो, किंवा कोणीतरी पासवर्ड मारून काढून गॅलरी चाळतो. नंतर तपास अधिकारी त्या फोनची न्यायवैद्यक प्रत काढतो तेव्हा त्यात मधल्या वेळेत हाताळणी झाल्याचं दिसतं आणि पुराव्याच्या साखळीची कडी निखळते. दरम्यान मारहाणीचा व्हिडिओ गटागटातून फिरून वरच्या माणसापर्यंत पोहोचलेला असतो. तो सिम बदलतो, गोदाम रिकामं करतो. मारून वदवून घेतलेली नावं कोर्टात टिकत नाहीत. २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तर अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेली कबुलीसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. मग मैदानातली कुठून चालणार?

आणि तो पोरगा मेला तर? न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बेकायदा जमावाचा समान उद्देश असेल तर प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याला जबाबदार. ज्याने फक्त हात धरला तोही. वस्तीतली पंचवीस-तीस वर्षांची पाच-सात मुलं खुनाच्या खटल्यात अडकतात आणि धंदा आठवडाभरात दुसऱ्या पोराला घेऊन सुरू होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणणार नाही, हा पोरगा संन्यासी नाही. पण बहुतेक वेळा तो स्वतः नशेच्या आहारी गेलेला, स्वतःची पुडी निघावी म्हणून दहा पुड्या विकणारा असतो. त्याच्यात आणि तुमच्या घरातल्या मुलात वर्षभराचं अंतर असतं, कधी तेवढंही नसतं.

मग वर कोण आहे? आपल्या परिसराबद्दलच बोलू. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावाशेवा बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडलं गेलं. बांबूसारख्या दिसणाऱ्या, रंगवलेल्या प्लास्टिकच्या पाइपांमध्ये ते भरलं होतं आणि कागदोपत्री माल होता आयुर्वेदिक औषधी. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच बंदरातल्या कंटेनरमध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या सापडल्या, वीसेक टन, आणि त्या काड्यांवर हेरॉइनचा लेप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी जप्त केलं. यातलं काहीही दंडुक्याने सापडणारं नव्हतं. सापडलं ते आयात परवाना, बिल, कंटेनरचा मार्ग, क्लिअरिंग एजंटचे फोन, बँकेची खाती आणि कारखान्याचा पत्ता यांच्या मागे लागून. वरचा माणूस मैदानात उभा राहत नाही. त्याने माल आयुष्यात हाताला लावलेला नसतो. त्याच्यासाठी एनडीपीएसचं कलम २७अ आहे, पैसा पुरवणाऱ्याला तीच दहा ते वीस वर्षं. आणि ते सिद्ध होतं फक्त खालून वर जाणाऱ्या पुराव्याने, जो जमावाने मैदानातच तुडवलेला असतो.

जगात हा प्रयोग पूर्ण ताकदीने करून पाहिला गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला १९९६ मध्ये ‘पगाड’ नावाची संघटना उभी राहिली. गुंडगिरी आणि ड्रग्जविरुद्धचे लोक, असंच तिचं नाव. सुरुवातीला ती शिक्षक, पालक, धर्मभीरू शेजारी यांची चळवळ होती. पोलिसांकडे निवेदनं देऊन ते थकले होते. ४ ऑगस्ट १९९६ ला मोर्चा सॉल्ट रिव्हर भागात रशाद स्टॅगी या टोळीप्रमुखाच्या घरावर गेला. त्याला गोळ्या घातल्या आणि पेटवून दिलं, कॅमेऱ्यांसमोर, पोलीस तिथे असताना. शहरातल्या कित्येकांना त्या दिवशी बरं वाटलं असणार. मला ते वाटणं परकं वाटत नाही.

पुढे काय झालं? टोळी रशादच्या जुळ्या भावाकडे राहिली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या पगाडच्या भीतीने एकत्र बसायला लागल्या. पगाडमध्ये निवेदनवाले मागे पडले आणि बंदूकवाले पुढे आले, कारण एकदा मारायचं ठरलं की मारता येणारी माणसंच नेतृत्व करतात. शहरात पाइपबाँब फुटायला लागले. आणि सप्टेंबर २००० मध्ये पगाडच्या सदस्यांचे खटले ऐकणारे दंडाधिकारी पीटर थेरॉन यांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. ड्रग्ज विकणाऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत चार वर्षं. केपटाउनच्या त्या वस्त्यांमध्ये टोळ्या आजही आहेत.

मेक्सिकोत मिचोआकान प्रांतात २०१३ मध्ये लिंबू पिकवणारे शेतकरी खंडणीला कंटाळून बंदुका घेऊन उभे राहिले. टेंप्लर नावाची टोळी त्यांनी खरोखर मागे रेटली, हे नाकारता येत नाही. पण रिकाम्या झालेल्या जागेत विरोधी टोळ्यांची माणसं त्याच गटांत सामील झाली, तेच टी-शर्ट घालून. त्या उठावाचा एक संस्थापक इपोलितो मोरा २०२३ मध्ये स्वतःच्याच गावात मारला गेला. कोलंबियात १९९३ मध्ये पाब्लो एस्कोबारच्या मागे लागलेल्या ‘लोस पेपेस’ गटाला पैसा होता त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, काली टोळीचा. जनतेचा सूड म्हणून जे दिसत होतं तो धंद्यातला हिशेब होता.

‘ही परदेशातली उदाहरणं झाली’ असं कोणी म्हणेल. मग वाशीचं घ्या. नोव्हेंबर २००६ मध्ये लखनभैया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पोलिसांनी वाशीतून दिवसाढवळ्या उचललं आणि त्याच संध्याकाळी मुंबईत ‘चकमकीत’ मारलं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना दोषी ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेकांची जन्मठेप कायम केली. खटल्यात पुढे आलं ते असं की मारण्यामागे गुन्हेगारी संपवण्याचा ध्यास नव्हता, जमिनीच्या व्यवहारातलं वैर होतं. ज्याला त्याच्याबरोबर उचललं होतं तो साक्षीदार, साक्षीच्या तोंडावर २०११ मध्ये बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. झटपट न्याय करणारी बंदूक एकदा मान्य केली की ती भाड्यानेही मिळते.

इथे कोणीतरी नेहमी रांझ्याच्या पाटलाचं नाव घेतं. शिवरायांनी हातपाय तोडले, तसा चौरंगा करा म्हणतात. ते पत्र उपलब्ध आहे, मंडळी, ते वाचा. पाटलाने बदअमल, म्हणजे दुराचार, केल्याचं कळलं, त्याला हुजूर आणलं, चौकशी केली, खरं ठरलं, मग शिक्षा. शिक्षा कठोर होती, पण ती राज्याने दिली. आणि पाटील म्हणजे गावातला बलदंड माणूस होता, कोपऱ्यावरचा पोरगा नव्हता. शिवशाहीचं नाव घ्यायचं तर ही दुसरी गोष्ट आधी घ्या : बलदंडाला हात घालणं.

आणि इथे आपली खरी परीक्षा आहे. पुडी विकणाऱ्याला खांबाला बांधणारं मंडळ हंडीची, नवरात्राची वर्गणी कोणाकडून घेतं? थराला लाखोंची बक्षिसं लावणाऱ्याचा पैसा कुठून येतो हे आपण विचारतो का? आपल्या सोसायटीतला फ्लॅट, एमआयडीसीतला बंद गाळा तिप्पट भाड्याने कोण घेतो, करार न करता, रोखीने? कलम २५ प्रमाणे जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही मूळ गुन्ह्याइतक्याच शिक्षेला पात्र आहे. एमडीचा कारखाना लपत नाही. रात्री उतरणारे ड्रम, बंद कंपनीचं चढं वीजबिल, डोळ्यांना झोंबणारा वास, नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी. शेजारच्या गाळेवाल्याला हे दिसतं. कलम ६८फ खाली धंद्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता गोठवता येते, नातेवाइकांच्या नावावर असली तरी. वरच्या माणसाला तुरुंगापेक्षा जास्त भीती याचीच असते. म्हणून पुडीची खबर देता तशी बंगल्याची, गाडीची, गाळ्याचीही द्या.

खबर कशी द्यायची? ‘आमच्या भागात ड्रग्ज विकतात’ याचा काडीचा उपयोग नाही. वार, वेळ, नेमकी जागा, गाडीचा नंबर, माल कुठे ठेवतात, किती जण पहाऱ्याला असतात, येण्याजाण्याच्या वाटा, हे लिहा. स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं लिहा. पाठलाग करू नका, गिऱ्हाईक बनून माल घेऊ नका. एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेची, १९३३ ही मानस हेल्पलाइन आहे, तिथे नाव न सांगता बोलता येतं. खबर कोणी दिली हे सांगायला अधिकाऱ्याला कलम ६८ प्रमाणे भाग पाडता येत नाही. मात्र वैरापोटी खोटी खबर देऊन कोणाला अडकवलं तर कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती असायलाच हवी.

घरात नशा करणारा असेल तर त्याला लपवू नका. स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसावर अल्प प्रमाणासाठी खटला चालवू नये, असं कलम ६४अ सांगतं. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, ते आधी समजून घ्या.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग : पोलीस ठाणंच फितूर असेल तर? तक्रार लेखी द्या, पोचेची सही-शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने पाठवा, आमच्याकडे परिमंडळाचे उपायुक्त. तिथेही हललं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) चा अर्ज. हप्त्याची माहिती असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. मोठ्या सराइतासाठी आयुक्तांकडे एमपीडीएचा, म्हणजे राज्याच्या स्थानबद्धतेच्या कायद्याखालचा, प्रस्ताव मागा. त्या १९८१ च्या कायद्याच्या नावातच ‘औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार’ आहेत, आणि त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. ते हत्यार गैरवापराचं आहे हे मला मान्य आहे, पण ते निदान सल्लागार मंडळासमोर जातं.

आणि साक्ष द्यायची वेळ आली, धमकी आली, तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेच ती कायद्याइतकी बंधनकारक केली. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, जिल्ह्यातल्या सक्षम प्राधिकरणाकडे, ज्याचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत मागवला जातो. घराजवळ गस्त, कॅमेरा, फोन नंबर बदलणं, साक्षीच्या दिवशी सरकारी गाडीतून ने-आण, बंद दालनात साक्ष, फार गंभीर असेल तर जागा आणि ओळख बदलणं, एवढं मागता येतं. आदेश एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचा असतो, म्हणून मुदत संपायच्या आधी वाढवून घ्यावा लागतो आणि नेमकं तिथेच साक्षीदार एकटा पडतो. ज्या मंडळाकडे मैदानावर धावून जायला चाळीस माणसं आहेत त्या मंडळाने त्यातली चार या एका साक्षीदारासाठी द्यावीत : एक तारखांची वही ठेवणारा, एक वकिलाशी बोलणारा, आणि दोघं प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात जाऊन बसणारे.